पिचकारीसाहेबांचा घोट

चहाच्या कंपनीत चौतीस वर्षं घासलेल्या माणसाला चहा प्यायला येत नव्हता, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, काय थापा मारताय! पण खोटं नाही सांगत. चाखायला यायचा. चाखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. प्यायला येत नव्हता. कारण प्यायचा म्हणजे गिळायचा, आणि चहा चाखणारा माणूस गिळत नाही. सकाळपासून दोनशे कप समोर येतात. गिळत बसला तर दुपारपर्यंत पोटाचा नगारा व्हायचा आणि कुठला कप कुठला, काही कळायचं नाही. म्हणून चमचाभर चहा घ्यायचा, जोरात भुरका मारायचा, तोंडभर खेळवायचा आणि थुंकायचा.

आता थुंकण्यातही माणसाची कला असते, हे तिथे गेल्याशिवाय पटत नाही. त्या चाखणीच्या खोलीत मधोमध एक लांबच लांब पांढरं टेबल होतं. खिडक्या सगळ्या उत्तरेला, म्हणजे ऊन आत येणार नाही आणि चहाचा रंग फसवणार नाही. टेबलावर झाकणाचे पांढरे कप, प्रत्येकासमोर त्या त्या पत्तीची वाटी, आणि बरोब्बर सहा मिनिटांनी वाजणारं घड्याळ. साहेब टेबलाच्या कडेने एकेक पाऊल सरकायचे आणि मागून एक शिपाईकाका चाकांवरची पिकदाणी ढकलत यायचे. भुरका, दोन शब्द, आणि मान न वळवता तीन फुटांवरून नेमकी पिचकारी. चौतीस वर्षांत फरशीवर एक थेंब नाही! त्यावरून नाव पडलं ते पडलंच. मालकांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना पिचकारीसाहेब म्हणायचे, आणि त्यांनाही मनातून ते आवडायचं.

घरातल्यांचं काय, ते विचारू नका. साहेबांच्या नाकाला धक्का लागू नये म्हणून सकाळी घरात कांदा चिरायचा नाही, अत्तर लावायचं नाही, वासाचा साबण आणायचा नाही. त्यांच्या बायकोला कंपनीतले सगळे वहिनी म्हणत. या वहिनींनी नव्या नवलाईच्या दिवसांतसुद्धा केसांत कधी फूल माळलं नाही. माहेरी परसात संत्र्याची सात झाडं असलेली मुलगी ती! बहर आला की शेजारच्या चार घरांची दारं उघडी राहायची, असा वास. आणि लग्न झालं ते या नाकवाल्याशी.

तर लग्नाच्या तिसऱ्या वर्षी काय झालं, बहराच्या दिवसांत वहिनी आठ दिवस माहेरी गेल्या आणि येताना एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात चहा होता. त्याची कृती त्यांनी स्वतः डोकं लढवून काढलेली. तळाला काळ्या चहाचा पातळ थर, त्यावर सकाळी खुडलेल्या अर्धवट उमललेल्या कळ्या, पुन्हा चहा, पुन्हा कळ्या, आणि झाकण गच्च. दुसऱ्या दिवशी चाळून कोमेजलेली फुलं काढायची आणि ताजी घालायची. असं पाच वेळा. आठ दिवस ती बाई त्या डब्याला तान्ह्या बाळासारखी जपत होती. नवऱ्याचं सगळं आयुष्य चहात, तर त्याला त्याच्याच विषयातलं काहीतरी द्यावं, एवढीच हौस.

पुढच्या रविवारी वहिनींचे वडील भेटायला आले होते. वहिनींनी त्यांच्यासमोरच डबा उघडला. कोरा चहा केला आणि तिघांचे कप भरले. साहेबांनी सवयीने चमचा मागितला. डोळे मिटले, भुरका मारला. बाप-लेक दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. आणि साहेबांनी काय करावं? मान न वळवता, उघड्या खिडकीतून, बाहेरच्या कुंडीत पिचकारी!

वर तोंड पुसून म्हणतात, "वास बरा आहे. पण फुलं देठासकट घातलीस. आणि शेवटच्या वेळी अर्धा दिवस जास्त ठेवलीस. कडवट उतरलाय."

सासरेबुवा छताकडे बघायला लागले. वहिनींनी तिन्ही कप उचलले, आत गेल्या, परत आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "अहो, आजपासून या घरात तुम्हाला चहा मिळणार नाही."

साहेबांना वाटलं, रागावली आहे, दोन दिवसांत उतरेल. तो राग एकतीस वर्षं चालला.

म्हणजे भांडण नव्हतं हं. संसार झाला, मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन गेली. आजारपणात वहिनींनी रात्रीचा दिवस केला. सगळं केलं, पण चहा केला नाही. पाहुणे आले की सगळ्यांच्या हातात चहाचा कप आणि साहेबांच्या हातात गरम पाण्याचा पेला. नवा पाहुणा असला तर विचारायचा, "तुम्ही नाही घेत?" वहिनी हसून सांगायच्या, "ऑफिसात होतो ना त्यांचा." वहिनी स्वतः मात्र रोज सकाळी आणि दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत पाय वर घेऊन निवांत कपभर चहा प्यायच्या. साहेब बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसायचे. नाक तिखट, त्यामुळे कुठली पत्ती, किती उकळली, सगळं त्यांना तिथे बसून कळायचं. मिळायचं मात्र काही नाही. त्यांना ते लागायचं, फार लागायचं, पण बोलणार कुठल्या तोंडाने?

आणि तो डबा? त्याचं असं झालं, की घरात तर आता तो उघडायची सोय नव्हती, म्हणून साहेब आठवड्याभराने तो कंपनीत घेऊन गेले. थोरल्या मालकांनी झाकण उघडलं आणि नाक आत घालून बसले ते बाहेरच काढेनात. मग विचारलं, "ही कल्पना कोणाची?" साहेब म्हणाले, "घरी करून बघितलं." बास, एवढंच. खोटं एक अक्षर नाही. खरंही नाही.

पुढच्याच बहरात कंपनीने फुलांचा चहा काढला. पांढऱ्या डब्यावर पाच पाकळ्यांचं फूल. तो असा खपला की कंपनीची ओळखच तो झाला. साहेब चाखणीचे मुख्य झाले. दर बहराला कारखान्यात एक पत्र्याची शेड फुलांनी भरून जायची आणि वीस-पंचवीस बायका लांब टेबलाभोवती बसून एकेका कळीचा देठ नखाने खुडायच्या. साहेबांचा नियमच होता, टोपलीत एक देठ दिसला तर टोपली परत. दिवस संपताना त्या बायकांची नखं हिरवी-काळी झालेली असायची. डब्यात एक चिठ्ठी असायची, तिच्यावर छापलेलं, "आमच्या चाखणीप्रमुखांनी स्वतःच्या घरी केलेल्या प्रयोगातून." असा एक डबा दर वर्षी भेट म्हणून साहेबांच्या घरी यायचा. वहिनी चिठ्ठी वाचायच्या, घडी घालून पुन्हा डब्यात ठेवायच्या आणि डबा मोलकरणीला देऊन टाकायच्या.

साहेब निवृत्त झाले ते ऐन बहराच्या तोंडावर. निरोपाला हार, भाषणं, एक चांदीचा चमचा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि बघतात तर जायला ठिकाण नाही. स्वयंपाकघरातून चहाचा वास आला. गरम पाण्याचा पेला पुढ्यात आला. चौतीस वर्षं जो माणूस सकाळी आठला पहिला भुरका मारायचा, त्याच्या तोंडात चहाचा थेंब नाही! तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, काय वाटेल ते होवो, मरायच्या आत हिच्या हातचा एक कप चहा प्यायचा.

पण मागणार कसं? साहेबांना एकच भाषा येत होती. त्यांनी बाजारातून पत्ती आणली, बागवाल्याकडून कळ्या आणल्या आणि निजायच्या खोलीत, पलंगाखाली, स्वतःचा डबा लावला. पंखा बंद, खिडकी बंद. बैठक मारून चष्मा लावून एकेका कळीचा देठ खुडत बसले. कंबर धरली, अंगठ्याचं नख दुखायला लागलं. पंचवीस बायका काय करत होत्या ते पहिल्यांदा कळलं, तरी नियम तो नियम. पाच दिवसांनी त्यांनी चहा केला आणि कप वहिनींच्या पुढ्यात ठेवला.

वहिनींनी कपाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "हे काय आता?"

"बघ ना पिऊन."

वहिनी प्यायल्या. सावकाश, सगळा. "चांगला आहे," म्हणाल्या. "दुकानातल्यासारखा."

साहेबांचा चेहरा असा पडला म्हणता! दुसऱ्यांदा त्यांनी कळ्या दुप्पट घातल्या. वहिनी म्हणाल्या, "वास नाकाशी येतो आणि दारातूनच परत जातो. आत येऊन बसत नाही." तिसऱ्यांदा पत्ती बदलली, पाणी बदललं. वहिनी म्हणाल्या, "अहो, कशाला जीव काढताय? मी काही तुम्हाला नापास करायला बसले नाहीये."

तेव्हा साहेबांचा बांध फुटला. कप तसाच हातात धरून ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अगं, माझं चुकलं. तुझ्या वडिलांसमोर मी थुंकलो. तुझ्या आठ दिवसांवर थुंकलो. एकतीस वर्षं मला ते खातंय. आता तरी सोड ना."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या, पण ते हसू काही बरं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला वाटलं, मी थुंकण्यावरून रुसून बसले आहे? तुमचं कामच ते. त्याचा राग आठ दिवसांत गेला होता. नवव्या दिवशी तुम्ही यायच्या वेळेला मी गॅसवर आधण ठेवलं होतं, तुमच्यासाठी. तुम्ही आलात ते नाचतच आलात. मालकांना डबा आवडला म्हणालात. मी विचारलं, त्यांना काय सांगितलंत? तुम्ही म्हणालात, सांगितलं, घरी करून बघितलं." वहिनींनी हवेतच बटण फिरवलं. "मी गॅस बंद केला."

साहेबांना तो दिवस आठवला. आपण नाचत आलो होतो, हेही आठवलं. गॅस मात्र आठवेना.

"माझं नाव छापून हवं होतं असं नाही हो," वहिनी म्हणाल्या. "पण 'बायकोने केलंय,' एवढे दोन शब्द जड झाले तुम्हाला. दर वर्षी ती चिठ्ठी वाचताना मला वाटायचं, औंदा तरी सांगितलं असेल."

त्या दिवशी साहेबांना जेवण गेलं नाही. चांगला खमक्या माणूस, भल्याभल्या मळेवाल्यांना तोंडावर 'तुमचा माल शिळा आहे' सांगणारा, आणि घरातल्या घरात कसा भित्रा निघाला, याचा विचार करत ते अंगणात फेऱ्या मारत राहिले.

सकाळी ते कपडे करून कंपनीत गेले. आता कारभार थोरल्या मालकांच्या मुलीकडे होता. साहेबांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. डबा कोणाचा, कृती कोणाची, आपण काय बोललो आणि काय गिळलं. मालकीणबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, तीस वर्षांनी याने कोणाला काय फरक पडणार आहे?"

"एका माणसाला पडणार आहे," साहेब म्हणाले.

चिठ्ठी बदलायचं बघू, असं बाईंनी सांगितलं. पण साहेबांचं त्याने समाधान होईना. ते तसेच फुलांच्या शेडमध्ये गेले. बहर चालू होता, टेबलं भरलेली. साहेब मधोमध उभे राहिले आणि घसा खाकरून पंचवीस बायकांना सांगितलं, की तुम्ही ज्या चहाच्या कळ्या निवडताय तो माझा नाही, माझ्या बायकोचा आहे. सांगताना कान लालेलाल झाले होते. सगळ्यांत जुन्या बाईने हातातली कळी खाली ठेवली.

"मला पहिल्यापासून शंका होती," ती म्हणाली. "पुरुषमाणूस घरी बसून फुलांचे थर लावतोय, हे काही केल्या डोळ्यांसमोर येईना."

सगळी शेड खो खो हसली. साहेबही हसले. बाहेर येताना त्यांना हलकं वाटत होतं आणि लाजही वाटत होती, दोन्ही एकदम.

घरी येऊन त्यांनी वहिनींना सांगितलं. वहिनींनी भाजी निवडता निवडता ऐकलं. "सगळ्यांसमोर?" एवढंच विचारलं. "सगळ्यांसमोर," साहेब म्हणाले. वहिनी पुढची जुडी निवडायला लागल्या. चहाचं नाव नाही.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी म्हणाल्या, "बागेतून कळ्या घेऊन या. उन्हं चढायच्या आत. टपोऱ्या बघून आणा, फुललेल्या नकोत." साहेब पायात चप्पल कशीबशी सरकवून पळाले. आता वय झालेला माणूस पळाला म्हणजे काय पळाला, पण फाटकापर्यंत तरी पळालाच.

मग पाच दिवस त्यांची जी परीक्षा झाली, ती वैऱ्यावर येऊ नये. वहिनी त्यांच्यासमोरच डबा लावायच्या, आणि कळ्या देठासकट! कळीखालच्या हिरव्या वाटीसकट, जशा खुडल्या तशा. साहेबांच्या जिभेवर शब्द यायचे आणि ते ओठ घट्ट मिटून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. शेवटच्या दिवशी तर सकाळी फुलं काढायची वेळ झाली तरी वहिनी डब्याकडे फिरकेनात. नऊ वाजले, दहा वाजले. साहेब तीनदा डब्यापाशी जाऊन आले.

"बसा गप्प," वहिनी आतून म्हणाल्या. "मला वेळ कळते."

दुपारी त्यांनी फुलं चाळली. आधण ठेवलं. चमचाभर पत्ती किटलीत घातली, वर पाणी ओतलं आणि झाकण लावून त्या घड्याळाकडे न बघता नुसत्या उभ्या राहिल्या. मग दोन कप भरले. एक आपल्यापुढे, एक साहेबांपुढे. चमचा दिला नाही.

साहेबांनी कप उचलला. तांबूस, स्वच्छ रंग. वाफेत संत्र्याची फुलं. आणि जन्माची सवय, भुरका व्हायचा तो झालाच, सगळ्या स्वयंपाकघरात घुमला. चहा जिभेवर पसरला. तोच. तोच तो देठाचा कडवटपणा, जिभेच्या मागच्या बाजूला चिमटा काढणारा. एकतीस वर्षांपूर्वी ओळखला होता, आजही ओळखला. अर्धा दिवस जास्त. दोष आहे म्हणजे आहे, जिभेशी खोटं कसं बोलणार? गाल फुगले, मान ताठ झाली, नजर आपोआप खिडकीकडे गेली.

समोर वहिनी बसल्या होत्या. कप हातात, पण पीत नव्हत्या. बघत होत्या.

साहेबांनी डोळे मिटले आणि गिळला.

कडू घशाखाली उतरलं. एक क्षण काहीच नाही. आणि मग आतून, घशातून, उलटा वर वास चढला. नाकातून नाही, आतून! फुलांचा, सालीचा, पहाटेच्या ओल्या पानांचा, असा भरून आला की साहेबांनी श्वास सोडला तरी तो जाईना, घेतला तरी जाईना. कडवटपणा कुठल्या कुठे गेला होता. तो होता म्हणूनच तर हा मागून आला होता. देठ खुडलेल्या चहात हे नव्हतं. कारखान्याच्या एकाही डब्यात हे नव्हतं. आणि हे घोट गिळल्याशिवाय येत नाही. लाखो कप चाखले त्यांनी, पण निकाल द्यायची घाई अशी, की वास यायच्या आधीच पिचकारी मारून ते पुढच्या कपाकडे सरकलेले असायचे.

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

"मी चुकलो गं," ते म्हणाले. "त्या डब्याचं नाही म्हणत. चहाच चुकीचा ओळखला मी. कडवट उतरला नव्हता. तू उतरवला होतास."

वहिनींचा कप बशीवर किणकिणला. एकतीस वर्षं त्या जे ऐकायला बसल्या होत्या, ते हे होतं की काय, त्यांनाही त्या क्षणापर्यंत ठाऊक नसावं. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि मग एकदम करड्या आवाजात म्हणाल्या, "मग त्या बायका तीस वर्षं नखं काळी करून देठ खुडतायत, ते कशासाठी?"

साहेबांनी हातातला कप खाली ठेवला. "उद्या जाऊन सांगतो," म्हणाले.

"हो, सांगा. मीही येते. तुम्ही अर्धंच सांगून याल."

साहेबांनी उरलेला चहा संपवला, एकेक घोट, गिळून, भुरका न मारता. संपल्यावर कप हळूच पुढे सरकवला.

"दुसरा नाही मिळायचा," वहिनी किटली आपल्याकडे ओढून घेत म्हणाल्या. "हा माझा आहे. तुमचा सकाळी सहाला करते. वेळेवर उठा."